ऑफिसातली कॉफी सुधारायचीय? पावडर बदलण्याआधी पाणी बघा

आमचं ऑफिस नाशिकच्या अंबड एमआयडीसीत. माणसं चौदा, त्यातले कॉफीवाले सहाच, बाकी सगळे कट्टर चहावाले, त्यामुळे कॉफीकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. मशीनचं बटण दाबलं की कोमट, गोडमिट्ट, दुधाळ असं काहीतरी कपात पडायचं आणि आम्ही ते मुकाट प्यायचो. मग एकदा वर्गणी काढून महागाची पावडर आणली, तर चव जवळपास तीच! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की कपात बहुतेक सगळं पाणीच असतंय, आणि त्याचा विचार आपण केलेलाच नाही.

तर आधी पाणी. आरओवाला सर्व्हिसिंगला येतो ना, त्याच्याकडे टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार वगैरे किती ते दाखवणारं) असतं, त्याला मोजायला सांगा. कॉफीला साधारण 75 ते 250 च्या मधलं पाणी चालतं, 150 च्या आसपास असेल तर उत्तम. आमच्याकडे आकडा आला 30, म्हणजे आरओने सगळे क्षार काढून टाकलेले, अशा पाण्यात कॉफी पचपचीत लागते. बऱ्याच आरओला टीडीएस कमीजास्त करायची सोय असते, पण ते त्याच्याकडूनच करून घ्या, स्वतः स्क्रू पिळत बसू नका. आणि उलट बोअरचं जड पाणी थेट वापरत असाल तर कडवट, मातकट चव येते, शिवाय किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो तो वेगळाच. तो काढायला किराणा दुकानातलं चमचाभर लिंबूफूल किटलीतल्या पाण्यात टाकून उकळायचं, अर्धा तास तसंच ठेवायचं, मग दोनदा खळखळून धुवायचं.

मशीन ठेवायचंच असेल तर निदान आतलं मिक्सिंगचं भांडं रोज धुतलं जातंय का बघा. आम्ही एकदा उघडून बघितलं आणि आठवडाभर कोणी कॉफी प्यायलं नाही, यापेक्षा जास्त सांगत नाही.

आता पावडर. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा, चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड, कॉफीत मिसळतात) किती टक्के ते लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के लागते, म्हणजे बघा, जवळपास अर्धी चिकोरी असली तरी ते कायदेशीरच! चिकोरी वाईट असते असं नाही हां, दूध घालून प्यायची तर तिच्यामुळे रंग आणि दाटपणा येतो, आमच्या ऑफिसात 80:20 (80 टक्के कॉफी, 20 टक्के चिकोरी) सगळ्यांना आवडली. ब्लॅक पिणाऱ्याने मात्र बिनचिकोरीचीच घ्यावी. एकदम किलोभर आणू नका, दळलेल्या कॉफीचा वास भराभर उडतो, दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढीच आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, गॅसच्या वरच्या फळीवर तर अजिबात नको.

आणि खरा फरक पडला तो साऊथवाल्या फिल्टरने, म्हणजे एकावर एक दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं. भांडी बाजारात गेलो होतो, पितळी फिल्टर बघून जीव अडकला, पण रोज घासणार कोण, म्हणून गपचूप स्टीलचा घेतला. वरच्या भांड्यात 40 ग्रॅम पावडर, वरून चकतीने हलकेच दाबायची (जोर लावला की पाणी खाली उतरतच नाही, आमचं पहिल्या दिवशी हेच झालं, सगळे फिल्टरभोवती उभे आणि थेंब पडेना), मग उकळी आलेलं पाणी अर्धा मिनिट थांबवून पाव लिटर हळूहळू गोल फिरवत ओतायचं आणि झाकण ठेवायचं. पंधरा-वीस मिनिटांत खाली दाट डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, उतरतं. त्यातलं 30-35 मिली एका कपाला, वर शंभर मिली गरम दूध, म्हणजे पाच-सहा कप आरामात. डिकॉक्शन परत उकळायचं नाही, कडू होतं. गार झालंच तर डिकॉक्शनचं भांडं गरम पाण्यात ठेवा.

दुधाचं पण तेच. सकाळी तापवलेलं पातेलं गॅसवर दुपारपर्यंत चारदा उकळलं की साय, करपट वास, सगळं कपात येतं. लागेल तेवढंच ताजं तापवा, उकळी यायच्या आधीच उतरवा, गोडवा जास्त लागतो, साखर आपोआप कमी घालावी लागते. थंडीत नाशिकला स्टीलचा कप बर्फासारखा असतो, तेव्हा आधी कपात गरम पाणी फिरवून घ्या.

आमचे चहावाले काका सुरुवातीला म्हणाले, "एवढा कुटाणा कोण करणार?" आता सकाळी साडेनऊला आल्याआल्या फिल्टर तेच लावतात, आणि चहावाल्यांतले तिघं फुटून आमच्याकडे आलेत, त्यामुळे मोठा फिल्टर घ्यायला परत भांडी बाजार गाठायचाय.