चिरेखाणीत गाडी चढवायची कशी?

गोव्यात खडकावर गाडी घालायची म्हणजे जांभ्यावर. कोरडा जांभा भोकाभोकांचा आणि खरखरीत, टायर त्याला घट्ट धरून राहतो. पावसात शेवाळ धरलं की त्याच दगडावर माणूससुद्धा उभा राहत नाही. म्हणून शिकायला डिसेंबर ते मे हेच दिवस बरे.

जागा ओळखीच्या माणसाची, बंद पडलेली कोरडी चिरेखाण (जांभ्याचे चिरे कापायची खाण) असावी आणि मालकाला आधी विचारावं. किनाऱ्यावर गाडी घालायला गोव्यात बंदी आहे. दूधसागरलाही आपली गाडी चालत नाही, कुळेंहून तिथल्याच जीपने जावं लागतं. पाणी साठलेल्या खाणीच्या कडेला तर फिरकूच नका. कड सरळ उभी कापलेली असते, पुढचं पाऊल थेट खोल पाण्यात.

गाडी थार, जिम्नी, जिप्सी कोणतीही चालेल, पण फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणारी) आणि लो रेंज (वेग कमी, जोर जास्त देणारे गिअर) हवी. निदान दोन गाड्या न्या.

खाणीत पोचल्यावर टायरची हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवा. मऊ टायर दगडाला कवेत घेतो. 15 च्या खाली जाऊ नका, टायर रिममधून निसटतो.

आता इंजिन बंद करून सगळी वाट पायी चाला. ही पायरी कुणीही गाळू नये असं मला मनापासून वाटतं. डळमळणारा दगड पायाने हलवून बघा, पुढचं चाक कुठे पडेल आणि मागचं कुठून येईल ते ठरवा. थारच्या पोटाखाली 226 मिलिमीटर जागा असते, म्हणजे जेमतेम नऊ इंच. उभा पडलेला अख्खा चिरा त्याहून उंच. असा दगड दोन चाकांच्या मध्ये घेतला तर डिफरन्शियलवर, म्हणजे गाडीखालच्या आसाच्या मधल्या फुगीर गोळ्यावर, आपटणार. त्यापेक्षा चाकच त्याच्यावर चढवा, गाडी आपोआप वर उचलली जाते.

खुणा करायला एकच जण ठेवा. चौघे मित्र चार बाजूंनी ‘डावीकडे, अरे डावीकडे!’ ओरडू लागले की चालवणारा गोंधळलाच. खुणा आधीच ठरवा: हात डावीकडे म्हणजे स्टिअरिंग डावीकडे, दोन्ही मुठी वर म्हणजे जागच्या जागी थांब. खुणा करणाऱ्याने चालकाला दिसेल असं लांब उभं राहावं, गाडी आणि खडकाच्या मध्ये कधीच नाही.

मग बेल्ट लावून, लो रेंज, पहिला गिअर. क्लच पूर्ण सोडा, गाडीला मुंगीच्या पावलांनी सरकू द्या. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका. चाक दगडावर आपटलं तर स्टिअरिंग झटक्यात फिरतं आणि अंगठा मोडू शकतो. चढ सरळ घ्या, तिरका घेतलात तर गाडी कलंडते. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की पाय उचला, थोडं मागे या, दुसरी वाट धरा.

अडकलीच तर दुसऱ्या गाडीने ओढायचा पट्टा चॅसिसच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) हुकालाच लावा, बंपरला किंवा टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) नाही. पट्ट्यावर जाड कांबळं टाका आणि पट्टा जेवढा लांब, त्याच्या दीडपट तरी सगळ्यांना दूर पाठवा. तुटलेला पट्टा गोळीसारखा येतो.

निघताना हवा भरा आणि चारही टायरच्या बगला, आतल्या बाजूनेसुद्धा, हाताने चाचपा. ताज्या कापलेल्या चिऱ्याची धार सुरीसारखी असते. माझ्या टायरला अशीच बोटभर चीर पडली होती, ती कळली फोंड्याला पोचल्यावर. बगलेला पंक्चर काढता येत नाही, टायर नवाच घ्यावा लागला.