शेअर फोल्डर चालू करायच्या आधी एवढं करून ठेवा

सीताबर्डीच्या आमच्या डीटीपी ऑफिसात लग्नपत्रिकांचा सीझन लागला की पाच जणं लिनक्स मशीनवरच्या एकाच शेअर फोल्डरमध्ये काम करून राहतात, अन् दर दोन दिवसांनी कोणीतरी हाक मारतंच, भाऊ फाइल उघडते पण सेव्ह होऊन नाही राहिली. इतवारीच्या प्रेसवाल्याचा फोन चालू अन् इथे फाइल अडकलेली. सीएचमॉड ७७७ मारून, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी देऊन, तेवढ्यापुरतं भागतं, पण मग मशीनवरचा कोणीही काहीही पुसू शकतो, म्हणून तो रस्ता नकोच.

सगळ्यात आधी ग्रुप, म्हणजे या फोल्डरवर काम करणाऱ्या यूजरांची यादी. समजा नाव ठेवलं डिझाइन, त्यात माणसं टाकताना यूजरमॉड कमांडला मोठ्या जी सोबत छोटा ए द्यायचाच, तो विसरला की त्या माणसाचे बाकीचे जोडग्रुप उडतात, अॅडमिनचे अधिकार देणारा सुडो पण. टाकल्यावर सगळ्यांना लॉगआउट करून परत यायला सांगा, नाहीतर ग्रुप लागतच नाही अन् आपण उगाच दुसरीकडे शोधत बसतो.

मग फोल्डरचा ग्रुप बदला अन् त्याला सीएचमॉडने २७७५ द्या, ७७५ म्हणजे मालकाला अन् ग्रुपला सगळं, बाकीच्यांना लिहिणं सोडून. पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी, त्याच्याने आत बनलेली नवी फाइल फोल्डरचा ग्रुप घेते, नव्या सबफोल्डरलाही तोच बिट लागतो. जुना डेटा असेल तर फाइंड कमांडने फोल्डर वेगळे अन् फाइली वेगळ्या करा, सरसकट मोठा आर (आतलं सगळं एकदम) लावून २७७५ मारलं तर प्रत्येक फोटो एक्झिक्युटेबल, म्हणजे प्रोग्रामसारखा चालवता येणारा, होऊन बसतो.

इथेच बहुतेक लोक थांबतात, अन् इथेच घोळ होतो. सेटजीआयडी फक्त ग्रुपचं नाव सांभाळतो, लिहायची परवानगी नाही. ती यूमास्कवर जाते, म्हणजे नव्या फाइलीतून कोणती परवानगी कापायची त्या आकड्यावर, ०२२ असेल तर नवी फाइल ६४४ बनते, म्हणजे ग्रुपवाल्यांनी नुसतं बघायचं. सगळ्यांचा यूमास्क ००२ करा, अन् वरून फोल्डरवर सेटएफएसीएलला डी देऊन डिफॉल्ट एसीएल (आत बनणाऱ्यांना आपोआप लागणारी परवानग्यांची यादी) लावा, ग्रुपला छोटा आर (वाचणं), डब्ल्यू (लिहिणं) अन् मोठा एक्स. डिफॉल्ट एसीएल असलेल्या फोल्डरमध्ये यूमास्क विचारलाच जात नाही. पण डिफॉल्ट फक्त पुढे बनणाऱ्या गोष्टींसाठी असतं, आधीपासून असलेल्यांना तेच डी न लावता, मोठा आर लावून वेगळं द्यावं लागतं. मोठा एक्स म्हणजे फोल्डरला एक्झिक्यूट (आत शिरायची परवानगी), साध्या फाइलला नाही.

आता जे मला सगळ्यात उशिरा कळलं ते. डेस्कटॉपवरून एमव्हीने, म्हणजे मूव्ह करून, आणलेली फाइल आपला जुना ग्रुप अन् जुनी पर्मिशन सोबतच घेऊन येते, फोल्डरचं काहीच ऐकत नाही. कॉपी केली तर ग्रुप बरोबर लागतो, पण मूळ फाइल ६४४ असेल तर एसीएलचा मास्क (परवानगीची वरची हद्द) फक्त वाचायचा होतो, एसीएल दाखवणाऱ्या गेटएफएसीएलमध्ये ग्रुपच्या ओळीसमोर इफेक्टिव्ह म्हणून दिसतं. बाहेर बनलेली मूळ फाइल यूमास्कवरच चालते, म्हणून ००२ सोडू नका, अन् रात्री एक छोटी क्रॉन स्क्रिप्ट (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) लावा जी आत आलेल्यांचा ग्रुप अन् एसीएल परत बसवते.

विंडोजच्या मशीन सांबातून (विंडोजला लिनक्सचा फोल्डर दाखवणारं सॉफ्टवेअर) येत असतील तर त्याच्या शेअर सेटिंगमध्ये फोर्स ग्रुप द्या अन् क्रिएट मास्क (नव्या फाइलीला जास्तीत जास्त किती परवानगी) बघा, न लिहिता सोडला तर तो ०७४४ असतो अन् ग्रुपचं लिहिणं तिथेच कटतं.

सगळं लागलं की गेटएफएसीएलची पूर्ण यादी एका फाइलीत काढून ठेवा, उद्या कोणी चुकून काही मारलं तर सेटएफएसीएलच्या रिस्टोअरने परत आणता येतं. अन् डेटा टाकायच्या आधी दोघा जणांना बसवा, ताईने फाइल बनवायची, दादाने ती उघडून सेव्ह करायची, मग एक डेस्कटॉपवरून मूव्ह करून, एक कॉपी करून, अन् एक विंडोजवरून.