नऊ अंकांत एक खून: टीव्हीवरच्या हलक्याफुलक्या रहस्यपटाची पटकथा कशी लिहायची

हॉलमार्क मिस्टरी या अमेरिकी चॅनलवर (२०२४ पर्यंत नाव हॉलमार्क मूव्हीज अँड मिस्टरीज) लागणाऱ्या रहस्यपटांचा साचा ठरलेला आहे. छोटं गाव, बेकरी नाहीतर पुस्तकांचं दुकान चालवणारी बाई, एक खून आणि "तू यात पडू नकोस" असं तिला सारखं बजावणारा देखणा डिटेक्टिव्ह. साचा सोपा दिसतो म्हणून लोक पहिल्या सीनपासून लिहायला घेतात आणि साठाव्या पानावर अडकतात, कारण खुनी कोण हे तोवर त्यांचंच ठरलेलं नसतं. ही पटकथा शेवटाकडून रचायची.

आधी माप. दोन तासांचा स्लॉट, जाहिराती वगळून सिनेमा साधारण ८५ मिनिटांचा. ब्रेकमुळे त्याचे नऊ अंक पडतात. पहिला सगळ्यांत लांब, १६-१७ मिनिटांचा, म्हणजे प्रेक्षक गुंतल्याशिवाय पहिली जाहिरात येत नाही. पुढचे आठ प्रत्येकी आठ-नऊ मिनिटांचे. प्रत्येक अंक नव्या माहितीवर तोडा. दार करकरलं आणि आतून मांजर निघालं, हा प्रकार एकदा खपतो. दुसऱ्यांदा रिमोट हातात येतो.

आता एका कागदावर पाच उत्तरं लिहा: खुनी कोण, का मारलं, कसं मारलं, तो कुठे खोटं बोलला, आणि नायिकेच्या धंद्यातल्या कुठल्या माहितीमुळे ते खोटं पकडलं गेलं. सगळी मेहनत पाचव्या उत्तरावर घ्या. फिंगरप्रिंट, फोनचं लोकेशन, सीसीटीव्ही हे सगळं पोलिसांचं काम. तिथे बेकरीवालीची गरजच नाही.

उदाहरण घ्या. खून रात्री नऊला झाला. संशयित सांगतो, "मी सहाला पीठ मळलं, फुगेपर्यंत घरीच होतो, दहाला ब्रेड भाजून काढला." ब्रेड पुरावा म्हणून समोर आहे. पण त्याच्या कवचावर बारीक बारीक फोड आहेत. मळलेलं पीठ रात्रभर फ्रिजमध्ये संथपणे आंबलं की असे फोड येतात, चार तासांत बाहेर फुगवलेल्या पिठावर सहसा येत नाहीत. म्हणजे पीठ आदल्या दिवशीचं. संध्याकाळी त्याने फक्त ओव्हन लावला, मधले तीन तास मोकळे.

हा धागा तीनदा यायला हवा. दुसऱ्या अंकात ब्रेड दिसतो, कॅमेरा फोडांवर क्षणभर थांबतो आणि त्याच वाक्यात कुणीतरी मृत्युपत्राचा विषय काढतं. प्रेक्षक मृत्युपत्रामागे जातो. पाचव्या अंकात नायिका स्वतःच्या दुकानात फ्रिजमधलं पीठ काढून भाजते आणि मदतनीस मुलगी विचारते, "हे फोड कसले?" उत्तर चार शब्दांत उरका. आठव्या अंकात दोन्ही जुळतं. पाचव्यातला सीन गाळला तर उलगडा आकाशातून पडल्यासारखा वाटतो. दोन्ही सीन शेजारी ठेवले तर शाळेतली पोरंही ओळखतात.

संशयित चार, फार तर पाच. सगळे पहिल्या वीस मिनिटांत दिसले पाहिजेत, खुनी तर नक्कीच. नेहमीची चूक अशी: खुनी सोडून प्रत्येकाला काही ना काही काम असतं आणि तो नुसता कॉफी पीत गोड बोलतो. मुरलेला प्रेक्षक त्यालाच पकडतो. म्हणून खुन्याला कथेत खरं काम द्या: जत्रेचा हिशेब, नायिकेच्या दुकानाला अंडी पुरवणं, काहीही.

मेलेला माणूस सगळ्यांशी भांडलेला असावा, लहान मुलं मागे ठेवणारा नको. खून पडद्याबाहेर, ढकलणं, डोक्यात वार, विष. रक्त नाही, शिव्या नाहीत, कुत्र्या-मांजराच्या केसालाही धक्का नाही.

नायिका तपासात का पडते? तिच्या जवळच्या माणसावर संशय आला म्हणून. नुसत्या कुतूहलावर ८५ मिनिटं ढकलता येत नाहीत. डिटेक्टिव्हला मठ्ठ करू नका. त्याच्या हातातल्या पुराव्यावरून त्याचा चुकीचा निष्कर्षही बरोबर वाटला पाहिजे. प्रेम एका सिनेमात एकच पायरी चढतं, कारण चालला तर पुढचा भाग काढायचा असतो.

यातले बरेच सिनेमे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात, जेमतेम तीन आठवड्यांत शूट होतात. म्हणून जागा सात-आठच ठेवा आणि पुन्हा पुन्हा वापरा. रात्रीचे बाहेरचे सीन दोनच.

शेवटची झटापट पाच-सहा मिनिटांची. पुरावा हातात असताना नायिका एकटी खुन्याच्या घरी गेली तर लोक हसतात. ती दुसऱ्याच कामाने तिथे गेलेली असू द्या, ब्रेड समोर यावा आणि तिथेच तिला कळावं. आपल्या मालिकांसारखे तीन वेळा झूम नकोत, तिचा हात थांबला तरी पुरे.

मसुदा झाला की पहिले सात अंक दोघातिघांना वाचायला द्या आणि खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. सगळ्यांनी बरोबर लिहिलं तर पाचव्या अंकातला सीन जास्त बोलका आहे. कुणालाच जमलं नाही तर त्यांना उलगडा वाचू द्या. त्यांनी मागची पानं चाळून फोडांचा उल्लेख शोधला तर ठीक, नाही शोधला तर दुसरा अंक पुन्हा लिहा.