पोटरी भरून येते तेव्हा : पायांच्या धमन्यांच्या आजारात चालावे कसे

ठराविक अंतर चालल्यावर पोटरी भरून येत असेल आणि दोन-चार मिनिटे थांबल्यावर दुखणे ओसरत असेल, तर ते वयावर ढकलू नये. पायांच्या धमन्या अरुंद झाल्याचे ते लक्षण असू शकते. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब हे गुणोत्तर ०.९० किंवा त्याहून कमी आले, तर सहसा निदान निश्चित होते. जुन्या मधुमेहात मात्र धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा येतो. तेव्हा पायाच्या अंगठ्यातील दाब मोजून घ्यावा.

धमनीच्या आतील पेशींचे नाजूक अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि त्यामुळे धमनी गरजेप्रमाणे सैलावते. विडी-सिगारेट, वाढलेली साखर आणि कोलेस्टेरॉल यांनी या अस्तराची हानी होते, तर चालताना वाढलेला रक्तप्रवाह त्याला काम करायला लावतो. साचलेला अडथळा चालण्याने विरघळत नाही, परंतु स्नायू मिळालेल्या रक्तातून प्राणवायू अधिक चांगला वापरू लागतात आणि वेदनेशिवाय चालता येणारे अंतर वाढते.

डॉक्टरांनी हृदय तपासून होकार दिल्यावर सपाट वाटेवर चालायला लागावे. दुखणे मध्यम होईपर्यंत चालावे, मग बसावे, आणि ते पूर्ण शमल्यावरच पुन्हा उठावे. असे विश्रांतीसह ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून किमान ३ दिवस, निदान १२ आठवडे करावे. दुखणे सुरू होताच घरी परतणे ही नेहमीची चूक आहे, कारण लाभ त्या दुखण्यापर्यंत पोहोचण्यातच आहे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे उन्हे चढण्यापूर्वीच हे उरकावे.

सिद्धेश्वरांच्या दर्शनाला जाताना चपला काढाव्या लागतात. मधुमेहाने बधिर झालेल्या तळव्याला तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही आणि रक्त कमी पोहोचत असल्याने तो फोड महिनोन्महिने भरत नाही. श्रद्धेला बाधा न आणता पहाटे जावे, जाड सुती मोजे घालावेत, आणि रात्री आरशात तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात.

विडी पूर्ण सोडावी. रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. झोपेतही पाऊल दुखत असेल किंवा जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांना लगेच दाखवावे. आणि पाय अचानक थंड, पांढुरका व बधिर पडला, तर शेक किंवा मालिश न करता त्याच तासाला रुग्णालय गाठावे.