नव्या भाताच्या वाणाला मंजुरी आहे की नाही, हे कसे तपासावे

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांत मृगाच्या आधी भाताच्या बियाण्याची खरेदी सुरू झाली, की ‘हे जीएम भात आहे, उतारा भरपूर येतो’ असे सांगणारा कोणीतरी भेटतोच. अशा वेळी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: भारतात जनुकीय सुधारित, म्हणजेच जीएम (बाहेरचे जनुक घातलेल्या), भाताच्या एकाही वाणाला लागवडीची मंजुरी मिळालेली नाही.

सर्वप्रथम, वाणात बदल कोणत्या पद्धतीने केला आहे, हे विचारावे, कारण मंजुरीची वाट त्यावरूनच ठरते. पुसा बासमती 1979 आणि 1985 हे वाण तणनाशक सहन करतात म्हणून अनेक जण त्यांना जीएम समजतात; प्रत्यक्षात तो गुण उत्परिवर्तनातून, म्हणजे रोपाच्या स्वतःच्याच जनुकात झालेल्या बदलातून, मिळवलेला असून त्यांत बाहेरचे जनुक नाही. मे 2025 मध्ये जाहीर झालेले डीआरआर धान 100 आणि पुसा डीएसटी राईस 1 हे वाण जनुक संपादनाने तयार केले आहेत. त्यांपैकी पहिला सांबा मसुरी या वाणापासून, तर दुसरा एमटीयू 1010 या वाणापासून घेतला असून, दोन्हींत भाताच्या स्वतःच्याच जनुकात छोटासा बदल केला आहे. अंतिम रोपात परके जनुक उरले नसल्याचे सिद्ध झाले, तर अशा वाणांना पर्यावरण मंत्रालयाच्या मार्च 2022 च्या आदेशानुसार जनुकीय बदल केलेल्या जीवांविषयीच्या 1989 च्या नियमांतील मोठ्या प्रक्रियेतून सूट मिळते.

बाहेरचे जनुक घातलेले असेल, तर मात्र पूर्ण वाट चालावी लागते. संशोधन संस्थेची जैवसुरक्षा समिती, त्यानंतर जैवतंत्रज्ञान विभागाकडील आढावा समिती आणि शेवटी पर्यावरण मंत्रालयाची जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समिती, म्हणजेच जीईएसी, अशी ही उतरंड आहे. शेतातील चाचण्यांसाठी राज्य सरकारचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. पहिल्या टप्प्यात एका ठिकाणी जास्तीत जास्त एक एकर आणि दुसऱ्या टप्प्यात अडीच एकर एवढ्याच क्षेत्रावर चाचणी घेता येते, शिवाय भोवती ठरावीक अंतर मोकळे सोडावे लागते. भाताचे फूल सकाळी उशिरा तास-दोन तासच उघडते आणि बहुतांश परागीभवन त्याच फुलात होते. तरीही शेजारच्या खाचरात थोडे पराग जाऊ शकतात, म्हणून या अंतराचे महत्त्व मला फार वाटते. विषारीपणा, अ‍ॅलर्जी आणि पर्यावरणावरील परिणाम तपासल्याखेरीज समिती शिफारस करत नाही. शिफारस झाली तरी काम संपत नाही. बीटी वांग्याला (कीड रोखणारे जीएम वांगे) समितीने 2009 मध्ये हिरवा कंदील दाखवल्यानंतरही फेब्रुवारी 2010 मध्ये त्यावर स्थगिती आली. फिलिपाइन्समध्ये गोल्डन राईस या जीएम भाताला 2021 मध्ये मिळालेली लागवडीची परवानगी 2024 मध्ये तेथील अपील न्यायालयाने रोखली.

म्हणून ‘मंजूर’ हा शब्द ऐकला, की कोणत्या टप्प्याची मंजुरी, असे थेट विचारावे. चाचणीची परवानगी म्हणजे विक्रीची परवानगी नव्हे. सूट मिळालेल्या वाणाचे बियाणेही लगेच दुकानात येत नाही, कारण पैदासकार, पायाभूत आणि प्रमाणित या बियाण्याच्या टप्प्यांतून क्रमाने ते वाढवावे लागते.

आता पिशवी हातात घ्यावी. प्रमाणित बियाण्याला निळे, तर सत्यप्रत बियाण्याला (ज्याच्या दर्जाची हमी उत्पादक स्वतः देतो) हिरवे लेबल असते. त्यावर वाणाचे नाव, लॉट क्रमांक, चाचणीची तारीख आणि उगवणशक्ती वाचावी. भातासाठी उगवण किमान 80 टक्के असायला हवी. सुट्या, बिनलेबल पिशवीत ‘जीएम’ म्हणून कोणी काही देऊ केले, तर ते स्वस्त असले तरी घेऊ नये. हळव्या (लवकर येणाऱ्या) वाणाच्या जागी गरवा (उशिरा येणारा) वाण निघाला, तर उशिरा निसवून पाऊस ओसरल्यावर ते भात हलक्या खाचरात सापडते. तेव्हा बियाणे कोणाकडून घेतले, याचा पुरावाच हाताशी नसतो.

पावती आणि लेबलासकट रिकामी पिशवी कापणी होईपर्यंत जपून ठेवावी, मूठभर बियाणेही बाजूला काढून ठेवावे आणि शंका आल्यास तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी.