समुद्री अस्थिमत्स्यांचं वर्गीकरण: या चुका टाळा

आकार बघून गट ठरवणं

मासा हातात आला की नवशिका आधी त्याचा आकार बघतो आणि तिथेच निकाल देऊन मोकळा होतो. लांबुळका असला की वाम, रुंद आणि चपटा असला की पापलेट. आकारावरून मासा कसा जगतो ते कळतं. तो कुठल्या वंशातला आहे ते कळत नाही. वाकटी म्हणजे चकचकीत लांब पट्टी, बांगडा दोन्ही टोकांना निमुळता, पापलेट जवळजवळ गोल. आणि आजच्या वर्गीकरणात हे तिघेही स्कॉम्ब्रिफॉर्मिस या एकाच गणात (गण म्हणजे अनेक कुलांचा मोठा गट) बसतात. उलट तलवारमासा आणि ट्यूना यांची अंगकाठी इतकी मिळतीजुळती की जुन्या मांडणीत ते शेजारी शेजारी होते. डीएनएने त्यांची फारकत केली आणि तलवारमासा हलवा, लेपा यांच्या बाजूचा निघाला. तरीही नुसत्या बाह्याकृतीवरून गण लिहून टाकणारे भेटतातच, आणि त्यांच्या नोंदी दुसऱ्या कुणाला तरी मुळापासून तपासाव्या लागतात.

यातली सगळ्यात चिवट गफलत पापलेट आणि हलवा यांची. दोघांचंही अंग उंच आणि दोन्ही बाजूंनी दबलेलं. ओळख-तक्त्यात ‘श्रोणिपर नाहीत’ असं वाचलं, पोटाखाली बघितलं, पर दिसले नाहीत, की लगेच ‘स्ट्रोमॅटिडी’ (पापलेटचं कुल) लिहिलं जातं. पण वाढलेल्या हलव्यालाही श्रोणिपर नसतात! ते फक्त पिल्लांना असतात आणि साधारण ९-१० सेंटिमीटर लांबीपर्यंत नाहीसे होतात. हलवा कॅरँजिडी कुलातला. या कुलाची खूण म्हणजे गुदपराच्या (गुदद्वारामागच्या पराच्या) पुढे सुटे उभे असलेले दोन काटे. मोठ्या हलव्यात तेही कातडीखाली गाडले जातात, म्हणून ते दिसले नाहीत याला पुरावा म्हणता येत नाही.

अशा वेळी मी शेपटीच्या देठावर नख फिरवतो, शेपटीकडून डोक्याकडे. हलव्याच्या पार्श्वरेखेच्या (अंगाच्या बाजूने शेपटीकडे जाणाऱ्या रेषेच्या) शेवटच्या तुकड्यावर बारीक कडक खवल्यांची रांग असते, ती नखाला अडते. पापलेटचा देठ गुळगुळीत लागतो. खात्री करायची तर कल्ल्याचं झाकण उचलून शेवटच्या कल्ल्याच्या मागे घशात बघावं. पापलेटला तिथे जाड भिंतीची पिशवी असते आणि तिच्या आतून बारीक उंचवटे असतात. हलव्याला ती नसते. एवढं बघायला दोन मिनिटं लागतात, आणि तेवढा धीर नसेल तर निदान नोंदीत ‘कुल अनिश्चित’ असं लिहावं.

टोचलं म्हणजे काटा

परातल्या आधारांचे दोन प्रकार आहेत, काटे आणि मऊ अर. त्यांची मोजणी हा अर्ध्या वर्गीकरणाचा पाया आहे, आणि लोक ती बोटाच्या टोकाने करतात. टोचलं तर काटा, वाकलं तर अर. ही कसोटी चुकीची आहे. खरा काटा एकसंध असतो, त्याला सांधे नसतात, फाटे नसतात. मऊ अर डाव्या-उजव्या अशा दोन अर्ध्यांचा बनलेला असतो, भिंगाखाली त्यावर आडवे सांधे दिसतात आणि बहुतेक वेळा टोकाला तो फुटलेला असतो.

शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि छातीच्या पराचा पहिला आधार हाताला रक्त काढेल इतका टोकदार आणि दातेरी असतो. वाढीच्या दृष्टीने मात्र तो सांधे जुळून कडक झालेला अर आहे. त्याला खरा काटा धरलं की शिंगाळा थेट काटेपरी माशांच्या मोठ्या समूहात जाऊन पडतो, आणि तिथून पुढे तक्त्यातली प्रत्येक पायरी चुकते.

मोजताना आणखी दोन ठिकाणी घसरायला होतं. पृष्ठपराचा पहिला काटा कधी कधी इतका आखूड असतो की कातडीत लपून राहतो. तो सुईने चाचपावा. आणि पृष्ठपराच्या व गुदपराच्या शेवटी दोन अर एकाच बुडातून निघालेले दिसले तर ते एक धरायचे. पर ताणून, मागून उजेड सोडून मोजावं, आणि दोनदा मोजावं. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. सरासरी काढणारे लोकही आहेत. त्यांनी कृपया तसं करू नये.

पिल्लू, नर आणि मादी यांना तीन वेगळे मासे समजणं

या चुकीने तज्ज्ञांनाही दशकानुदशकं चकवलं. खोल समुद्रातल्या माशांची तीन कुलं मानली जात होती. मिरापिनिडी: छोटे, वर वळलेल्या तोंडाचे, काहींच्या शेपटीला लांबच लांब फीत. मेगॅलोमिक्टेरिडी: नाकाचा अवयव प्रचंड मोठा. सेटोमिमिडी: विशाल जबड्याचे, देवमाशासारख्या डोक्याचे. त्यांचे सांगाडे वेगळे आणि तोंडंही वेगळी. खटकण्यासारखी गोष्ट एकच होती: पहिल्या कुलातले सगळे नमुने अपक्व, दुसऱ्यातले सगळे नर आणि तिसऱ्यातल्या सगळ्या माद्या.

२००९ मध्ये जी. डेव्हिड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीररचना आणि मायटोकाँड्रियातला डीएनए एकत्र तपासून दाखवून दिलं की हे तिन्ही एकच कुल आहे: अनुक्रमे पिल्लं, नर आणि माद्या. पिल्लं वरच्या २०० मीटर पाण्यात कोपेपॉड (पाण्यात तरंगणारे बारीक कवचधारी जीव) खाऊन पोट भरतात, मग हजार मीटरच्या खाली उतरतात. तिथे मादीचा जबडा वाढतो आणि ती मोठी शिकार गिळू लागते. नर खाणंच सोडतो. त्याची अन्ननलिका आणि जठर नाहीसं होतं आणि पिल्लूपणी साठवलेल्या मोठ्या यकृतावर तो उरलेलं आयुष्य काढतो.

म्हणून नवीन जाती सापडल्याचा आनंद करण्याआधी नमुन्याचं लिंग आणि वय बघा. सगळेच नमुने एका लिंगाचे किंवा सगळेच अपक्व असतील तर थांबा. वामवर्गीय माशांचं पारदर्शक, पानासारखं चपटं पिल्लू (लेप्टोसेफॅलस) रूपांतर होताना चक्क आखूड होतं. त्याच्या लांबीवरून काहीही ठरवू नका. पोपटमासे आणि रास (wrasse) मासे यांच्यात मादीचा नर होतो आणि रंग पार बदलतो, त्यामुळे रंगावरून वेगळ्या नोंदी करू नका.

जुन्या यादीतला पर्सिफॉर्मिस आजही तसाच उतरवणं

२००६ सालच्या प्रमाण मांडणीत या एका गणात १६० कुलं आणि १०,००० च्या वर जाती होत्या. दुसरीकडे कुठे बसत नाही, मग टाका इथे, असा तो गण झाला होता. डीएनएवर आधारलेल्या वंशवृक्षांनी, विशेषतः २०१३ नंतर, तो फोडला. बांगडा, हलवा, गोबी आपापल्या गणांत गेले. आणि ज्यांचा पूर्वी स्वतंत्र गण होता ते विंचूमासे उलट पर्सिफॉर्मिसमध्ये आले. काही कुलांच्या जागा अजून हलताहेत, तेव्हा नोंदीत गण लिहिताना तो कुठल्या मांडणीप्रमाणे आणि कुठल्या सालचा हे शेजारीच लिहावं. नाव सध्या वैध आहे का, ते एशमायरच्या ‘कॅटलॉग ऑफ फिशेस’मध्ये बघावं, ते वेळोवेळी अद्ययावत होतं.

बाकीच्या

मुशी आणि पाकट कास्थिमत्स्य (हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेले) आहेत, अस्थिमत्स्यांच्या यादीत त्यांचं काम नाही. स्टर्जनचा सांगाडा बराचसा कास्थींचा, तरी तो अस्थिमत्स्यच.

डोळे डावीकडे की उजवीकडे, एवढ्यावर चपट्या माशाचं कुल ठरवू नका. सेटोडिस प्रजातीत दोन्ही प्रकार सापडतात.

तारलीच्या कुलात अंगावर पार्श्वरेखा नसते. ती ‘खवले गळाल्यामुळे दिसत नाही’ असं लिहू नका.

फोटोवरून नाव सांगणारं अ‍ॅप फार तर कुलाचा अंदाज देतं, तेही पर पसरलेले असतील तर.

नमुना आधी फॉर्मलिनमध्ये टाकणं

फॉर्मलिनमुळे डीएनए खराब होतो, मग नंतर कितीही पश्चात्ताप केला तरी उपयोग नाही. क्रम असा ठेवा: ताज्या माशाचा पर टाचण्यांनी पसरून डाव्या बाजूचा फोटो, कारण रंग टिकत नाहीत. मग उजव्या बाजूचा वाटाण्याएवढा स्नायू काढून ९५ टक्के इथेनॉलमध्ये. डावी बाजू मोजमापासाठी अखंड ठेवायची. त्यानंतर १० टक्के फॉर्मलिन, म्हणजे बाटलीतलं तीव्र फॉर्मलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग. मासा मोठा असेल तर पोटावर उजवीकडे चीर द्यावी, नाहीतर आतडी आतून सडतात. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. नीट मुरला की पाण्याने धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये.

लेबल पेन्सिलीने, जाड कागदावर, बाटलीच्या आत. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी कधी ना कधी गळून पडते.