कोलकात्यातला शेवटचा दिवस, पाठ मोकळी ठेवून

रात्रीची गाडी हावड्याहून असेल तर सकाळीच सॅक स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका. तिकीट दाखवावं लागतं, बॅगेला कुलूपही हवं. माझ्याकडे नव्हतं; हॉस्टेलात भेटलेल्या केरळच्या मैत्रिणीने तिचं जादाचं दिलं.

मग हावडा पूल चालतच ओलांडा. १९४३ पासून वाहतूक झेलणारा हा पूल नटबोल्टांवर नाही, रिव्हेटांवर, म्हणजे ठोकून पक्क्या केलेल्या खिळ्यांवर, उभा आहे. पलीकडे पोचलात की उजवीकडे खाली मल्लिक घाटाचा फुलबाजार. झेंडूच्या माळांचे भारे डोक्यावर घेतलेले हमाल थांबत नाहीत, तेव्हा फोटो कडेला उभं राहूनच. (मी एक धक्का खाल्ला.)

दुपार कॉलेज स्ट्रीटला द्या, पण रविवार टाळा, पुस्तकांची बहुतेक दुकानं बंद असतात. जुनी पुस्तकं घेताना वजनाचं भान ठेवा. आम्हाला राहिलं नाही. तिथल्याच कॉफी हाऊसमध्ये बिनदुधाची हवी असेल तर ‘इन्फ्युजन’ मागा. आठवड्याभराचा उधार-उसनवारीचा हिशेब तिथेच मिटवा, स्टेशनवर घाईत भांडण होतं.

परतताना टॅक्सी नको. संध्याकाळी पूल तुंबतो. बाबूघाटावरून हावड्याची फेरीबोट पकडा, आणि कुलूप आठवणीने परत करा. माझ्याकडे ते अजून आहे.